बिनआवाजाचा कूलर

९ फेब्रुवारी, रविवार

आजपासून डायरी लिहायची. चिकलठाण्याच्या कंपनीत होतो तेव्हा पाळी संपली की रजिस्टरात चार ओळी लिहायची सवय होती. नोकरीबरोबर तीही सुटली. पण यंदा जे काम हाती घेतलंय ते लिहून ठेवण्यासारखं आहे. उद्या कुणी विचारलं, मोतीराम खरात, तुम्हाला हे सुचलं कसं, तर उत्तर तयार पाहिजे.

तर सुचलं ते असं. मुकुंदवाडीत माझं ‘रत्नमाला कूलर्स’ नावाचं दुकान आहे आणि मागे कूलर बनवायचं पत्र्याचं शेड. नाव बायकोचं. ती म्हणते, माझ्या नावानं सगळ्या गावाला वारा घालता आणि घरचा पंखा मात्र मलाच पुसायला लागतो. दुकान उघडल्यापासून दर उन्हाळ्यात गिऱ्हाइकाची एकच तक्रार ऐकतोय. “हवा झकास हाय भाऊ, पण आवाज लई करतो.” फुलंब्रीचा शेतकरी असो नाहीतर सिडकोतला साहेब, वाक्य तेच. म्हणून ठरवलं, यंदा एकच मॉडेल काढायचं, बिनआवाजाचं. नावही ठरलं, ‘निवांत’.

सम्यकला सांगितलं. सम्यक माझा मुलगा, वाळूजच्या एका कंपनीत डिझाइनला आहे. डिसेंबरात त्याचं लग्न झालं. तो म्हणाला, “पप्पा, सगळा सीझन एकाच मॉडेलवर लावू नका. आधी चार घरी जाऊन बघा, लोक कूलर कसा वापरतात.”

“त्यात बघायचं काय? चालू करतात आणि झोपतात,” मी म्हणालो.

लोक स्वतःच्या तोंडानं सांगत आलेत काय पाहिजे ते. गिऱ्हाइकाचं माझ्याइतकं ऐकणारा माणूस या रस्त्यावर दुसरा नाही, हे मी आज इथं लिहून ठेवतो.

२ मार्च, रविवार

पहिला निवांत तयार झाला. हळू फिरणारी मोटर, प्लॅस्टिकची पाती, मोटरखाली जाड रबर आणि थरथरणार नाही असा जड पत्रा. शेडमध्ये माझा कारागीर अतुल आहे. त्यानं कान लावून पाहिलं आणि म्हणाला, “काका, हा चालू हाय का मेला?” मी त्याला चहा पाजला.

संध्याकाळी तो घरी आणून बसवला. आमच्याकडं पुढची खोली, आतली खोली आणि मागं स्वयंपाकघर. पुढं आम्ही दोघं, आत सम्यक आणि मेघा. आतल्या खोलीला खिडकी नाही, म्हणून कूलर पुढच्या खिडकीत ठेवायचा आणि मधलं दार उन्हाळाभर उघडं टाकायचं, म्हणजे तीच हवा आत जाते. लग्नानंतरचा हा पहिलाच उन्हाळा, त्यामुळं मेघाला ही पद्धत समजावून सांगितली.

चालू केल्यावर सगळे बघत राहिले. रत्नमाला म्हणाली, “चालू हाय व्हय?” मी तिचा हात धरून जाळीपुढं नेला.

“अगंबाई! भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुदिक ऐकू येती की.”

एवढं कौतुक तिनं लग्न झाल्यापासून माझं केलं नव्हतं. मेघानं उघड्या दाराकडं पाहिलं, मग कूलरकडं, आणि म्हणाली, “छान आहे पप्पा.” पोरगी फुलंब्रीची, एरवी बोलायला मोकळी, हसली तर चार घरं ऐकतात. आज तिलाही शब्द सुचेनात.

गल्लीतली बहुतेक पोरं लग्न झालं की वाळूज नाहीतर पुणे गाठतात. माझं घर मात्र भरलेलं आहे. मला आयुष्यात एवढंच पाहिजे होतं.

१९ मार्च, बुधवार

उन्हाचा चटका सुरू झाला. निवांत सुरेख चालतो. घरातलं वातावरणही बदललं आहे, सगळे कसे हळू बोलतात. मेघा पूर्वी कामावरून आली की लॅबमधल्या गमती रंगवून सांगायची. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायला असते. आता जेवण झालं की ती आणि सम्यक फिरायला जातात ते चांगले उशिरा येतात. आजकालच्या मुलांना तब्येतीची काळजी आहे हे बघून बरं वाटतं.

रत्नमालाचंही तसंच. तिची बहीण सुलेखा फर्दापूरला असते, तिच्याशी रोज फोन असतो. हल्ली फोन आला की ही गच्चीवर जाते, ऐन उन्हात. मी म्हणालो, “इथं रेंज येत नाही का?” म्हणाली, “रेंज लई येती, म्हणून तर.” बायकांचं उत्तर कधी सरळ नसतं.

१४ एप्रिल, सोमवार

आज बाबासाहेबांची जयंती आणि निवांतचं उद्घाटन. चौकात मंडळानं पाणपोई घातली होती, तिथंच निवांत मांडला. येणारा जाणारा थांबून विचारायचा की हा शोभेला ठेवलाय का, आणि तोंडावर गार हवा आली की दचकायचा. फुलंब्रीचे नानासाहेब मिरवणूक बघायला आले होते. मोठी शेती, पण राहायला आता सिडकोत मुलाकडं. तीन वेळा कूलरभोवती फिरले आणि म्हणाले, “मोतीराम शेठ, हे काम एक नंबर. उद्याच पाठवा, अन् आमचा जुना घेऊन जा.” मागच्या गल्लीतल्या आशाबाईंनी तर आजच जुना कूलर देऊन नवा नेला.

सम्यकलाही मानावं लागलं. म्हणाला, “गर्दी तर जबरदस्त आहे.” पण पुढं म्हणाला, “पप्पा, चौकात कूलर कोण वापरतं?” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज निळ्या गुलालात कुणाशी वाद घालायचा नव्हता.

२२ एप्रिल, मंगळवार

नानासाहेबांचा फोन. “हवा लागत नाय.”

ताबडतोब गेलो. जाळीसमोर हात धरला, हवा बर्फासारखी. तसं म्हणालो. नानासाहेबांनी छताकडं पाहिलं. त्यांचा मुलगा ऋतुराज मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. सून मोनिका सरबत ठेवून लगबगीनं आत गेली. आतून नानासाहेबांच्या सौभाग्यवती, आवडाबाई, म्हणाल्या, “भाऊ, आमचा पैलाच आणून द्या. तो बरा व्हता.”

“पण तो तर केवढा आवाज करायचा! तुम्हीच म्हणत होता.”

“करायचा खरा,” आवडाबाई म्हणाल्या आणि पुढं कुणीच काही बोलेना. त्या शांततेत मला स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येत होता. निवांतची कमालच म्हणायची.

मी पाती बदलून देतो म्हणून आलो.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज आशाबाई. “भाऊ, माझा जुना मोडीत घातला का हाय अजून?” का, तर नव्याची हवा लागत नाही. पोलीस कॉलनीतल्या एका मास्तरांना रंग आवडला नाही. एक जण म्हणाला, घरात कूलर असल्यासारखं वाटत नाही. एका बाईंनी नुसतंच “सवय नाय ओ” म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

सगळ्यांची कारणं वेगळी, मागणं एकच. जुना द्या.

अतुल आणि मी पाती बदलली. मोटर थोडी जोरात केली. हवा एवढी वाढली की कॅलेंडर उडून पडलं. तरी आशाबाई म्हणतात, लागत नाय. मला तर आता शंका यायला लागली की या शहरातल्या लोकांच्या कातडीतच काही बदल झालाय.

३ मे, शनिवार

आज नळाला पाणी होतं. सगळी सकाळ टाकी, पिंप आणि कूलर भरण्यात गेली. ते झाल्यावर सम्यक माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ हातातली बादली फिरवत होता. मग म्हणाला, “पप्पा, आम्ही वाळूजला एक खोली बघतोय. कंपनी जवळ पडते.”

कंपनी काय काल वाळूजला गेली का? इतकी वर्षं तो इथूनच जातोय. मी म्हणालो, “इथं काय कमी आहे? रंग लावून दिला, कपाट करून दिलं, अख्ख्या मुकुंदवाडीत नाही असा कूलर तुमच्या खोलीवर सोडलाय.”

“तसं काही नाही, पप्पा.”

“मग कसं आहे?”

त्यानं बादली खाली ठेवली. “जूनपासून मिळणार आहे खोली. अजून नक्की नाही.” एवढं बोलून उठला.

रत्नमालाला विचारलं, मेघाचं आणि तुझं काही बिनसलंय का. ती हसायलाच लागली. म्हणाली, “आमचं झ्याक हाय. तुमचंच तपासा.” आत मेघा तिच्या केसांना तेल लावून देत होती आज दुपारी, म्हणजे बिनसलेलं नसावं. मग काय?

आज जेवण गेलं नाही. दुकान यंदा बसलं तर पुढच्या साली उठेल. पण पोरं एकदा गेली की सणाला येणार, पाहुण्यासारखी बॅग दारात ठेवणार आणि निघताना चपला शोधणार. मला ते बघवणार नाही.

७ मे, बुधवार

आणखी दोन घरांतून परत. शेडमध्ये निवांत उभे राहिलेत ओळीनं. सगळे चालू करून पाहिले. एकाचाही आवाज नाही. रडू आलं असतं तर निदान तेवढा तरी आवाज झाला असता.

११ मे, रविवार

आजचं सगळं नीट लिहितो, कारण आज जे झालं त्यापुढं गेले तीन महिने म्हणजे माझी शुद्ध गाढवकी.

दुपारी सम्यक आणि मेघा वाळूजची खोली बघायला गेली. मी तोंड पाडून बसलो होतो. रत्नमाला म्हणाली, “तुम्ही म्हणता हवेत फॉल्ट निघंना. मग आत जाऊन पडा की जरा पोरांच्या खोलीत. तिथं हवा कशी लागती ते कधी बघितलं का? अन् लगेच उठू नका, घटकाभर पडा.”

बोलणं बरोबर होतं. सम्यकही हेच सांगत होता, वापरतात तिथं जाऊन बघा म्हणून. मी आत जाऊन पडलो. हवा उत्तम येत होती.

तेवढ्यात योगायोगानं आशाबाई आल्या. एरवी रत्नमाला त्यांना ओट्यावर बसवते, कारण त्या मिश्री लावतात. आज मात्र मधल्या दाराशीच खुर्ची ओढून दिली. उन्हामुळं असेल.

“काय आशाबाई, कूलर झाला का नीट?”

“कशाचा नीट? बिघडला असता तर बरं झालं असतं बाई. नीट हाय हाच तर वांधा हाय.”

मी कान टवकारले. खरं तर टवकारायची गरज नव्हती. आशाबाई हळूच बोलत होत्या आणि शब्दन् शब्द माझ्या उशाशी येऊन पडत होता.

“दोन खोल्या अन् घरभर माणसं,” आशाबाई म्हणाल्या. “पैला कूलर चालू केला का घर्रर्र. कोण काय बोलतंय कुणाला पत्ता नाय. म्याबी म्हाताऱ्याला काय ऐकवायचं ते ऐकवून घ्यायची. आता हा मुका आणून बसवला. आमची रूपाली झोपताना बांगड्या काढून उशाला ठेवती. वाजू नये म्हणून. मला का कळत नाय? मीबी सून व्हते की.”

“मग सांगायचं ना यांला.”

“काय सांगू? भाऊ, आमच्या लेकासुनंला दोन शब्द बोलाया मिळंना, कूलरला आवाज बसवून द्या म्हणू? बाईमाणसानं सांगायचं व्हय असलं? म्हणलं हवा लागत नाय. तेवढंच सांगता येतं.”

मग रत्नमाला बोलली. अगदी सावकाश, शाळेत धडा वाचून दाखवावा तशी. “आमचीबी लेकरं त्याच्यापायीच चालली बघा वाळूजला. मेघा तोंडानं सांगायची नाय. पण नव्या पोरीनं किती दिवस कुजबुजायचं? हसायचं तर रस्त्यावर जाऊन. त्यांला काय घर सोडायची हौस हाय का?”

मी तसाच पडून होतो. पुढच्या खोलीत रत्नमालानं कप खाली ठेवला, तो ऐकला. आशाबाईंनी पदरानं वारा घेतला, तोही ऐकला. म्हणजे माझं खोकणं, घोरणं, कूस बदलताना ‘आई गं’ म्हणणं हे सगळं या पोरांनी इथं पडून ऐकलं असणार. आणि मी ऐकेन म्हणून ती तोंड मिटून राहिली असणार. फार लाज वाटली. त्याहून जास्त मेघाची कणव आली. चार घरांना ऐकू जाईल असं हसणारी पोरगी, आणि तिच्या हसण्यावर झाकण मी बसवलं, तेही स्वतःच्या हातानं, जाड रबर लावून.

नेमकी तेव्हाच मला शिंक आली. दाबली, तर ती दुप्पट जोरानं आली.

“काय वाजलं ग?” आशाबाई म्हणाल्या.

“मांजर असंल,” रत्नमाला म्हणाली.

आमच्याकडं मांजर नाही. पण बायकांच्या लक्षात आलं नाही, नशीब. मग दोघी कशाला कोण जाणे, डोळ्याला पाणी येईपर्यंत हसल्या.

आशाबाई आजच आल्या हे माझं भाग्य. उद्या आल्या असत्या तर मला काहीच कळलं नसतं. रत्नमालाला मी काही बोललो नाही. तिला वाटेल मी चोरून ऐकतो.

पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात आली. लोक खोटं बोलत नव्हते. आवाजाचा त्रास होता म्हणून त्यांनी त्रास सांगितला. त्याच आवाजाचा उपयोगही होता, पण चालू असलेल्या उपयोगाबद्दल तक्रार करायला दुकानात कोण येतं?

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. घरात खीर. विहारात कार्यक्रमाला कूलर पाहिजे होता, म्हणून घरचा निवांत उचलून तिकडं नेला. भन्तेजींचं प्रवचन शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनंही ऐकलं. भन्तेजी म्हणाले, “खरात, याला इथंच राहू द्या.” वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथं दिवसभर वाचत बसतात. तिथल्या मुलांनी शेडमधले आणखी मागितले. म्हणजे निवांत वाईट नव्हताच. मी त्याला चुकीच्या घरी दिला होता.

आणि आमच्या घरी? गच्चीवर टाकलेला आमचा जुना कूलर खाली आणला. गवत बदललं, पंप पुसला, खिडकीत बसवला. चालू केला आणि भांडी हलली.

सम्यक म्हणाला, “पप्पा, फार आवाज आहे याचा.” चेहरा एकदम सरळ.

“असू दे. याची हवा चांगली लागते,” मी म्हणालो. माझाही चेहरा सरळ.

मेघा खिरीची वाटी घेऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. ठसका लागला असावा.

वाळूजचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. एका कूलरपायी ठरलेली खोली कोण सोडतं?

१८ मे, रविवार

आशाबाईंना त्यांचा जुना परत दिला. पण प्रत्येकाला जुना देत बसलो तर मी कारखानदार कसला? तेच जुनं खोकं परत विकायचं, तर डोकं कशाला आहे? रात्री अभ्यास करणारं पोर असेल, घरात आजारी माणूस असेल, तर आवाज नको. दुपारी चार माणसं आडवी झाली, की पाहिजे. म्हणजे एकाच घराला दोन्ही लागतं.

शेडमध्ये निवांत उघडून बसलो होतो. सम्यक सुट्टी म्हणून आला. विचारलं नाही, सांगितलं नाही, बाही सारून शेजारी बसला. मी पत्र्याची एक पट्टी वाऱ्याच्या वाटेत आणून बघत होतो. बाहेरून मूठ फिरवली की पट्टी पुढं येते आणि वाजते.

“ही खडखड होतेय,” सम्यक म्हणाला. “खडखडीनं झोपमोड होईल. घरघर पाहिजे. एकसारखी.”

“किती मोठी?”

तो बोल्टकडं बघत होता. मीही त्याच बोल्टकडं बघत होतो.

“म्हणजे... पलीकडच्या खोलीतला टीव्ही कळला नाही पाहिजे.”

“टीव्ही,” मी म्हणालो.

“हो. टीव्हीच.”

“आणि इकडचा टीव्ही तिकडं?”

“तोही नको कळायला, पप्पा.”

अतुल म्हणाला, “पण काका, आतल्या खोलीत टीव्ही कुठं असतो?” आम्ही दोघांनी त्याला एकदमच चहा आणायला पाठवलं.

दिवसभर पट्टी वाकवत होतो. जाड घेतली, पातळ घेतली, कडेला जाड लोकरी नमदा लावला. सम्यकनं कागदावर काहीतरी आखून पट्टीला नागमोडी वळण दिलं आणि संध्याकाळी ती घरघर सापडली. ऐकायला इतकी बरी की आम्ही दोघं तिच्यासमोर बसूनच राहिलो. कधीपासून असं शेजारी बसलो नव्हतो. मला म्हणायचं होतं, जाऊ नका रे. पण शेडमध्ये तेवढा आवाज असूनही ते तोंडातून निघालं नाही.

२६ मे, सोमवार

नवा निवांत दुकानात. अतुलनं विचारलं, “काका, एका बटणाखाली हवा लिहिलंय, दुसऱ्याखाली पाणी. या मुठीखाली काय लिहू?”

“काही लिहू नको.”

पुरुष विचारतात, ही मूठ कशाची. बायका एकदा फिरवून बघतात आणि काही विचारत नाहीत. नानासाहेब आले, बरोबर मोनिका.

“ही कशाची हो मूठ?”

“हवा लागत नसली की फिरवायची.”

मी फिरवून दाखवली. नानासाहेब माझ्याकडं पाहत राहिले, मग खाकरले. “ब्येस केलं मोतीराम शेठ. आमच्या घरात हवेची लई अडचण व्हती.” मोनिका भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर मन लावून वाचत होती.

एकही निवांत परत आलेला नाही. पण जून तोंडावर आलाय. धंदा सावरला म्हणून सगळे पाठ थोपटतात आणि मला ते गोड लागत नाही.

१ जून, रविवार

दुपारची जेवणं झाली. मेघानं जाता जाता घरी आणलेल्या नव्या निवांतची मूठ स्वतःच फिरवली आणि आत गेली. घरभर घरघर सुरू झाली. मी सतरंजीवर आडवा झालो, पण डोळा लागेना. वाळूजची खोली आजपासून मिळणार होती. घरात कुणी त्याबद्दल अक्षर काढत नव्हतं. बॅगा भरलेल्या दिसल्या नाहीत, पण कपाट त्यांच्या खोलीत, मला काय दिसणार? विचारायची हिंमत नव्हती. न विचारता एक एक दिवस तरी मिळतो.

आतून मेघाचं हसणं आलं. एवढ्या घरघरीतून आलं म्हणजे जोरातच हसली असणार. कशाला हसली ते कळलं नाही. ते कळू नये म्हणूनच तर इतके दिवस पत्रा वाकवत बसलो होतो. बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, उद्यापासून हेही नाही.

शेजारी रत्नमाला लसूण सोलत होती. ती काहीतरी म्हणाली. ओठ हलले, शब्द पोचले नाहीत.

“काय?”

ती पुन्हा बोलली. ‘वाळूज’ एवढं ओठांवरून समजलं.

“ऐकू येत नाही,” मी म्हणालो.

“मग जवळ या की!”

मी सरकलो. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “पोरांनी त्या खोलीवाल्याला नाय म्हणून कळवलं. कवाच. मेघा म्हणली, पप्पा विचारतील तवा सांगू. तुम्ही विचारीनाच. पोरगी वाट बघून थकली.”

तिचा लसणाचा हात तसाच धरून बसलो. घर राहिलं माझं. भरलेलं राहिलं.

वाटलं, झालं सांगून. पण ती थांबेचना. सुलेखाशी तिचं काय वाजलं, कुणाचं चुकलं. गुडघा दुखतो पण सांगायचं राहून जातं. मी कंपनीत असताना दुसऱ्या पाळीवरून यायचो, तेव्हा ती जागी असायची आणि झोपल्याचं सोंग घ्यायची, कारण शेजारी माझी आई झोपलेली असायची. “तुमच्याशी काय बोलायचं म्हणलं तर सारं घर ऐकायचं,” ती म्हणाली. “मंग राहूनच गेलं बघा.”

घरघरीत मधली वाक्यं हरवत होती आणि मला एकही हरवायचं नव्हतं. मी आवाज कमी करायला मुठीकडं हात नेला. तिनं मनगट धरलं.

“राहू द्या,” रत्नमाला म्हणाली. “असंच ऐका.”

आज चहाला फार उशीर झाला.